कपाटामागची वाट

खोली बारा, दुसरा मजला
४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण तू फोनवर नुसतं हं म्हणतेस आणि ते हं होकाराचं की कंटाळ्याचं हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय आमच्या मजल्यावर फोनवर बोलणं म्हणजे जाहीर सभा. इथे सगळ्यांना कमी ऐकू येतं, फक्त दुसऱ्याचा फोन स्पष्ट ऐकू येतो.

खोली चांगली आहे. सगळी नोकरी चित्रपटगृहाच्या तिकीट-खिडकीत काढलेल्या बाईला ही खोली म्हणजे मैदानच. कमी मिळकतीच्या, एकट्या म्हाताऱ्यांची वसाहत म्हटल्यावर तुझ्या आईने नाक मुरडलं होतं. तिला सांग, इथे नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते आणि भाडं माझ्या पेन्शनीत बसतं. याहून जास्त कुठल्याच घराने मला दिलेलं नाही. आणि हेही सांग, की ही खोली गेली तर मी तिच्याकडेच येऊन राहीन. बघ कशी प्रार्थना करायला लागते माझ्या खोलीसाठी.

फाटकाजवळ नियमांचा फलक आहे. एका खोलीत एकच माणूस. भिंतीला खिळासुद्धा विचारून. नियम मोडला की खोली सोडायची. आमच्या व्यवस्थापकबाई हा फलक रोज स्वतःच्या हाताने पुसतात, त्यावरून त्यांचा स्वभाव ओळख.

बाजूच्या तेरा नंबरात मास्तर आहेत. शाळेतले नाहीत, शिवणकामातले. आयुष्यभर लोकांच्या कंबरा मोजल्यामुळे त्यांना कुणाचाच धाक उरलेला नाही, म्हणून आमचं जमतं. नऊ नंबरात एक निवृत्त गवंडी आहे. त्याला सगळे ओळंबा म्हणतात, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तो, कारण हा कधीही सरळ उभा राहत नाही.

आता एक प्रश्न. भिंत वर काही पेलून धरते आहे की नुसतीच उभी आहे, हे कसं ओळखायचं गं? माझ्या एका मैत्रिणीला कुतूहल आहे. इमारतींचं एवढं शिकलीस, त्याचा घरच्यांना कधीतरी उपयोग होऊ दे.

आहे तोच लोभ पुरे, वाढवलास तर ठेवायला इथे जागा नाही.

तुझी
मावशी

९ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवरचं हं म्हणजे ऐकते आहे, एवढाच अर्थ असतो.

भिंत वजन घेते की नाही हे नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. खांब आणि तुळया असलेल्या इमारतीत दोन खोल्यांमधली अर्ध्या विटेची भिंत बहुधा वजन घेत नाही. बहुधा या शब्दावर मी कुणालाही हातोडा उचलू देणार नाही. भिंतीवर ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत वापरू नये. माणसाला त्यातून हवं तेच ऐकू येतं.

तुझ्या मैत्रिणीला भिंत फोडायची आहे की तिने ती फोडली आहे? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तिची खोली बारा नंबरची आहे का, हेही कळव. तुझ्या पत्राची घडी उघडली तेव्हा माझ्या टेबलावर विटेचा चुरा पडला.

आई बरी आहे. प्रार्थना सुरू केली आहे.

उत्तर येईपर्यंत लोभ स्थगित.

मुंगी

खोली बारा
१३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

लहानपणी तू साखरेचे दाणे आकाराप्रमाणे लावत बसायचीस, तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं की ही मुलगी मोठेपणी आपल्यालाच त्रास देणार.

बरं. भिंत फोडली आहे. माझ्या आणि मास्तरांच्या खोलीच्या मधली. माझं कपाट जिथे आहे तिथे, त्याच्या मागे. कपाट थोडं सरकवलं की वाकून पलीकडे जाता येतं. काम ओळंब्याने केलं. दुपारी खाली सभागृहात भाषण होतं, मधुमेहावर. सगळे तिथे डुलक्या काढत होते आणि आम्ही इथे विटा काढत होतो. विटा पिशव्यांतून खाली नेल्या. व्यवस्थापकबाईंनी फाटकात विचारलं, तर ओळंब्याने सांगितलं की हाताच्या व्यायामासाठी वजनं आहेत. बाईंनी त्याचं कौतुक केलं.

घोटाळा एकच झाला. माप मास्तरांनी घेतलं. कपाटाची रुंदी मोजली, खडूने भिंतीवर आखलं आणि सवयीने दोन्ही बाजूंना माया ठेवली. कपडा शिवताना आत जो जादा भाग ठेवतात तो गं, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करायला. ओळंब्याने खडूच्या रेघेवर इमानदारीने फोडलं. आता भोक कपाटापेक्षा रुंद आहे आणि दोन्हीकडून पलीकडचा उजेड दिसतो. मास्तर म्हणाले, पहिल्या मापाला असं होतं. मी म्हटलं, मग आता भिंतीला टीप मारून द्या. तूर्त एका बाजूला माझा कोट टांगला आहे आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांनी तात्पुरता म्हणून एक पडदा शिवून लावला आहे. पडदा मात्र सुरेख झालाय.

आता पुढच्या महिन्यात वार्षिक पाहणी आहे. वायरी तपासायला सगळी कपाटं हलवणार आहेत. तेव्हा काय करायचं ते सांग, आणि तुझ्या आईला काही सांगू नकोस.

स्थगिती उठवावी, ही विनंती.

तुझी
मावशी

१७ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

सविस्तर पत्राबद्दल आभार. भोकाच्या वर विटांना आधार काय दिला आहे ते तू लिहिलेलं नाहीस. तो दिला नसेल तर आज संध्याकाळपासून त्या वाटेने जाऊ नका. दिला असेल तर कशाचा, ते कळव.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माझं काम आगीपासून इमारत वाचवण्याचं आहे, म्हणून सांगते. तुमच्यासारख्या इमारतीत प्रत्येक खोली ही एक बंद पेटी असते. एका पेटीत आग लागली तर मधली भिंत ती थोपवून धरते आणि तेवढ्या वेळात बाकीचे बाहेर पडतात. तुम्ही ती पेटी उघडली आहे आणि तिला पडदा लावला आहे. पडदा सुरेख असला तरी तो जळतो.

भोक बुजवून टाका. पाहणीच्या आधी, नीट विटांनी. हे करायला ओळंबा नको, दुसरा गवंडी बघ. मी पाठवू शकते.

आणि मास्तरांच्या खोलीत जायला व्हरांडा आहेच. तो वापरण्यात काय अडचण आहे? लोक बोलतील ही असेल, तर सरळ लग्न करा. ते भिंत फोडण्यापेक्षा सोपं आहे आणि त्याला माझा आक्षेप नाही.

भोक बुजल्याचं कळवलंस की लोभ पूर्ववत.

मुंगी

खोली बारा
२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

आधार मास्तरांच्या इस्त्रीच्या मेजाच्या फळीचा दिला आहे. सागवानी आहे. हसू नकोस.

लग्नाचं म्हणशील, तर आम्ही चौकशी केली. एकट्यांच्या खोल्या एकट्यांसाठी. लग्न झालं की दोघांनी दोन्ही खोल्या सोडायच्या आणि जोडप्यांच्या खोलीसाठी अर्ज करायचा. तिथली रांग पुढे सरकते ती पुढचं जोडपं वर सरकलं की. तोपर्यंत राहायचं कुठे, तर म्हणे नातेवाइकांकडे. तुझ्या आईच्या बैठकीत मास्तर आणि मी, दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, हे चित्र डोळ्यांसमोर आण.

लोक काय बोलतील याची मला काडीची पर्वा नाही. लोकांना बोलायला विषय मिळावा म्हणून मी मुद्दाम मास्तरांच्या हाताला धरून जिना उतरते.

भोक का पाडलं ते आता लिहिते. डिसेंबरात मास्तर न्हाणीघरात पडले. खोलीचं दार आतून बंद होतं, कडी मोठी, जुन्या धर्तीची. मला भिंतीतून ठोकल्याचा आवाज आला. त्यांनी तांब्याने फरशीवर ठोकलं असणार. मी दारावर धक्के मारले, व्यवस्थापकबाईंना बोलावलं, त्यांनी सुताराला फोन लावला, सुतार जेवत होता. मी आपली भिंतीला कान लावून बसले. मधे ठोकणं थांबलं. मुंगे, मी तिकीट-खिडकीच्या काचेमागे बसून आयुष्यभर पलीकडच्या माणसांशी बोलले आहे. पलीकडे माणूस आहे आणि मधे काच आहे, याची मला सवय आहे. पण पलीकडून आवाज थांबतो आणि मधे भिंत आहे, हे मला पुन्हा सोसायचं नाही.

सुतार आला, दार तोडलं, मास्तरांना फक्त खरचटलं होतं. ठोकणं थांबवलं कारण म्हणे हात दुखायला लागला. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

तेव्हा भोक बुजणार नाही. पाहणीला येतील त्यांना मी बघून घेईन.

तुझ्या अटी तुझ्याजवळ, माझा लोभ बिनशर्त.

तुझी
मावशी

२७ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी आले तेव्हा बोलणं झालं नाही, कारण तू बोलत होतीस. म्हणून लिहिते.

भिंत वजन घेत नाही. फळी खरोखरच सागवानी आहे आणि आश्चर्य म्हणजे तिने काम केलं आहे. मास्तर सभ्य आहेत. त्यांनी मी न विचारता माझ्या खांद्याचं माप सांगितलं आणि ते बरोबर होतं. तुझा कोट आणि तो पडदा यांनी कुणालाही फसवता येणार नाही. पाहणीत भोक सापडेल, तुम्हा दोघांच्या खोल्या जातील.

मी परतताना सगळा मजला चालून पाहिला. प्रत्येक खोलीला एकच दार आहे. आतला माणूस पडला किंवा दारापाशीच आग लागली तर दुसरी वाट नाही. म्हणजे तुझं भोक चुकीचं आहे, पण ते ज्यासाठी पाडलं ते कारण चुकीचं नाही. दोन खोल्यांच्या मधे अग्निरोधक दार बसवता येतं. ते आपोआप मिटतं, आग अडवतं आणि संकटात शेजारच्या खोलीतून बाहेर पडता येतं. हे नियमात बसतं. मी तसा आराखडा केला आहे.

आराखडा संस्थेला द्यायचा तर भोकाचं खरं सांगावं लागेल. सध्या भिंत शाबूत आहे असं मी लिहिणार नाही. संस्था कदाचित दार मान्य करील, कदाचित तुम्हाला बाहेर काढील. कोणतं होईल ते मला माहीत नाही. गप्प राहिलं तर काय होईल ते मात्र मला माहीत आहे.

सोबत आराखडा जोडला आहे. तू नको म्हणालीस तर तो कुणाकडेही जाणार नाही.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही. तो या पत्रात आहे असं समज.

मुंगी

खोली बारा
२ मार्च

मुंगे,

नको.

स्वतःच्या पायांनी जाऊन चोरी कबूल करायची, हेच का मी तिकीट-खिडकीत शिकले? मास्तरही ऐकत नाहीत, म्हणतात सांगून टाकू. त्यांच्याशी अबोला आहे. भोकातून चहा सरकवते, पण अबोला आहे.

मावशी

खोली तेरा
६ मार्च

इंजिनीअरताई यांस,
स. न. वि. वि.

आपला माझा पत्रव्यवहार नाही, तरी लिहितो. अक्षर वाकडं आहे, सुई धरून धरून बोटं तशीच आखडली आहेत.

तुमचा आराखडा तुमच्या मावशींनी रागाने चुरगाळून भोकातून माझ्या खोलीत फेकला. मी त्याला इस्त्री केली. मग सदरा घातला, खाली गेलो आणि तो व्यवस्थापकबाईंपुढे ठेवला. भोक माझं, माप माझं, फळी माझी, असं सांगितलं. बारा नंबरच्या बाईंचं त्यात काही नाही, त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं, असंही सांगितलं. तुम्हाला खोटं चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण हे खोटं माझं आहे, तुमच्या कागदावर नाही.

पण बाईंनी आराखडा वाचला आणि विचारलं की भोकाच्या पलीकडे कोण राहतं हे तुम्हाला माहीत नव्हतं का. मी म्हटलं माहीत होतं, म्हणून तर पाडलं. तेवढ्यात तुमच्या मावशी मागे येऊन उभ्या. सगळा व्हरांडा ऐकेल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की बेत माझा, या माणसाला एकट्याने गुंडीचं काजही करायचं धाडस नाही. अबोला सुटला तो असा.

पंधरवड्याच्या आत संस्थेची समिती पाहायला येणार आहे. खोली गेली तर मी भाच्याच्या गावी जाईन. त्या जातील तुमच्या आईंकडे. ताई, मला जागेचं एवढं वाटत नाही. कापड कमी पडलं तर कसंही भागवता येतं. पण दोन तुकडे दोन गावी गेले की ते जोडता येत नाहीत.

तुमच्यावर त्यांचा राग नाही. तुमचा फोटो त्यांनी उलटा करून ठेवला होता, तो काल सरळ केला.

लोभाची ओळख नुकतीच झाली, ती राहू द्यावी.

आपला
मास्तर

खोली बारा
१६ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

सकाळी समिती येऊन गेली. सगळं सांगते, मधे हं म्हणू नकोस.

अध्यक्ष म्हणजे भारदस्त गृहस्थ. पोट आधी आलं, ते मागाहून. कपाट सरकवलं, पडदा वर केला, सगळे भोकाकडे असे बघायला लागले जणू आत वाघ आहे. व्यवस्थापकबाईंनी फलकावरचे नियम पाठ म्हणून दाखवले. मी म्हटलं, भोक बंद करा, आम्हाला काढा, पण मग परत कुणी न्हाणीघरात पडलं तर सुतार जेवून होईपर्यंत त्याने पडून राहायचं, असाही एक नियम फलकावर लिहा. त्यावर बाईंनी आपला हात पुढे करून दाखवला. त्या दिवशी दारावर माझ्याबरोबर त्याही धक्के मारत होत्या, हे मी विसरले होते. त्यांच्या हातालासुद्धा लागलं होतं म्हणे. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग अध्यक्ष म्हणाले की असल्या वाटेने माणूस संकटात जाणार कसा, ते मला पाहायचं आहे. आणि शिरले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पण मुंगे, गृहस्थ पार झाले! मास्तरांनी ठेवलेली माया अध्यक्षांच्या पोटाला बरोबर पुरली. पलीकडे तेरा नंबरात उभे राहून त्यांनी कोट झटकला आणि एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर की एखादा डोंगर चढून आले असावेत. तिथेच त्यांनी तुझा आराखडा मागून पुन्हा वाचला.

निकाल असा. खोल्या राहिल्या. भोकाच्या जागी तुझं दार, आधी फक्त आमच्याकडे, ठीक चाललं तर बाकीच्या खोल्यांना. परवानगी न घेतल्याबद्दल आम्हा दोघांना लेखी ताकीद. आणि ओळंब्याने वसाहतीत हातोड्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मला छिन्नी पुरते.

तू घाबरली होतीस की नाही? खरं सांग. मी नव्हते. फक्त अध्यक्ष भोकात होते तेव्हा मास्तरांचा हात धरला होता, तो आधारासाठी.

लोभ ये-जा करू दे, आता वाट सरकारमान्य आहे.

तुझी
मावशी

खोली बारा
२५ मे

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

दार बसलं. देखणं आहे, जड आहे आणि तुझ्यासारखं आपोआप मिटतं. पण त्याला ती घंटा कुणी लावली? मी सकाळी चहा घेऊन मास्तरांकडे जायला दार ढकललं, तर अख्ख्या मजल्यावर घणघणाट. व्यवस्थापकबाई चप्पल न घालता धावत वर. मी मधे उभी, हातात दोन कप. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी धावणं सोडलं, चालत आल्या. आता येतच नाहीत. बाकीचे तर खूश आहेत. घंटा झाली की सगळा मजला रक्तदाबाची गोळी घेतो. अकरा नंबरची बाई पूर्वी गोळी विसरायची, आता विसरत नाही. मास्तर कानातलं यंत्र रात्री काढून ठेवतात, त्यांना मात्र ही घंटा ऐकूच येत नाही. ज्यांच्यासाठी एवढा गोंधळ ते शांत झोपलेले.

बाईंनी तोंडी सांगितलं आहे की दार संकटापुरतं आहे, रोज वाजवलंत तर कुलूप घालावं लागेल. तू त्यांना समजाव आणि घंटा काढून टाक.

लोभ असावा, पण आवाज न करता.

तुझी
मावशी

३० मे

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

घंटा मी लावली. ती नियमात आहे. संकटाची वाट कुणी वापरली तर ते इतरांना कळायला हवं.

जी घंटा रोज वाजते ती घंटा राहत नाही. खरोखर आग लागेल तेव्हा तुमचा मजला गोळी घेईल. व्यवस्थापकबाई म्हणतात ते बरोबर आहे आणि मी त्यांना समजावणार नाही. चहा व्हरांड्यातून ने. तुझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चहा निवत नाही.

हे ऐकलं नाहीस तर कुलूप घालायला मीच सांगेन. तसं सांगायची माझी इच्छा नाही.

लोभ आहे. तो दार बंद असतानाही असतो.

मुंगी

खोली बारा
१० जुलै

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

अक्षर मास्तरांचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात प्लास्टरात आहे. (मनगट मोडलं आहे, ताई. कमरेलाही मार आहे, पण हाड शाबूत. मास्तर.) मधे स्वतःचं घुसडायचं नाही असं ठरलं होतं. (ठरलं नव्हतं.)

तुझं ऐकलं नाही हे आधीच कबूल करते. चहा दारातूनच नेत होते. कुलूप येणार, आज येणार, उद्या येणार, असं चाललं होतं. मंगळवारी सकाळी चहा ठेवायला उठले, ओल्या फरशीवरून पाय गेला आणि मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवी. हात हलेना. हाक मारली, पण मास्तरांचं यंत्र टेबलावर. बाहेरच्या दाराला कडी. पडल्या पडल्या विचार केला की आता सुतार जेवायला बसला नसला म्हणजे मिळवली.

तिकडे मजल्यावर काय झालं ते मला मागाहून कळलं. घंटा झालीच नाही. अकरा नंबरची बाई गोळी हातात घेऊन बसून राहिली. ओळंबा व्हरांड्यात आला. चौदा नंबरचे गृहस्थ आले. सगळे एकमेकांना विचारू लागले की आज वाजली का. कुणाला धड ऐकू येत नाही म्हणून प्रत्येकाला वाटलं आपणच चुकलो. तेवढ्यात व्यवस्थापकबाई खालून धावत वर आल्या, चप्पल न घालता. त्या म्हणे खाली खुर्चीत बसून रोज तीच घंटा ऐकल्यावर कामाला लागतात. माझं दार आतून बंद बघून त्या तेरा नंबरवर तुटून पडल्या. (मी यंत्राशिवाय होतो, पण खाट हलली तेव्हा जाग आली. दार उघडलं तर अर्धी वसाहत उभी. मी बनियनवर होतो.) मग मास्तरांनी त्यांच्या बाजूने ते दार ढकललं. घंटा झाली. मी खाली पडून ऐकली. एवढी गोड घंटा मी आयुष्यात ऐकली नाही, आणि मी चित्रपटगृहात नोकरी केली आहे.

सगळे माझ्या खोलीत. मी जमिनीवर, गाऊन गुडघ्यापर्यंत, आणि समोर नऊ नंबरपासून चौदा नंबरपर्यंत सगळे. ओळंबा म्हणाला, उचलताना सरळ धरा. त्याने सरळ म्हणावं!

व्यवस्थापकबाई दवाखान्यात माझ्याबरोबर बसून होत्या. कुलपाचं काय करायचं, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की तुमच्या भाचीलाच विचारते, मला आता काही समजेनासं झालंय. म्हणजे आता तुझ्या हातात आहे. तू म्हणतेस तेच खरं आहे, रोज वाजणारी घंटा ही घंटा नाही. पण न वाजलेलीने मला उचललं, त्याचं काय ते तुझ्या पुस्तकात बघ.

(रात्री कण्हतात, पण मला सांगत नाहीत. मी आता यंत्र काढत नाही. मास्तर.) काय लिहिलंत ते वाचून दाखवा. (लोभ असावा, असं लिहिलं.)

तुझी
मावशी

१५ जुलै

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

मास्तरांचं अक्षर वाचता आलं. कंसांतलं दोनदा वाचलं.

पुस्तकात पाहिलं. नव्हतं. म्हणून व्यवस्थापकबाईंशी बोलून दाराची जोडणी बदलते आहे. आग लागल्याची घंटा आता वेगळी, ती धुराने वाजेल आणि फक्त तेव्हाच. दार उघडलं तर काहीही वाजणार नाही. सकाळच्या चहाची वेळ टळून गेली आणि तोपर्यंत दार एकदाही उघडलं नसेल, तर मात्र खाली कार्यालयात आणि माझ्या फोनवर घंटा होईल. बाईंना हीच व्यवस्था सगळ्या मजल्यांवर हवी आहे. अध्यक्षांची संमती आली. दुसऱ्या भोकातून जाऊन पाहण्याची तयारीही त्यांनी दाखवली, ती गरज नाही असं मी कळवलं.

मंगळवारी मी कामावर होते. मला काहीच कळलं नाही. तू जमिनीवर होतीस त्या वेळी मी कुणाच्या तरी जिन्याची रुंदी तपासत होते. ती बरोबर निघाली, हे आठवतं.

दार कुणी उघडलं, चहा कुणी नेला, हे यंत्राला कळत नाही. हात बरा होईपर्यंत मास्तरांनी न्यावा. नियम एकच आहे, दार रोज सकाळी उघडायचं. तुमचा अबोला असेल त्या दिवशीही. उघडून बोललंच पाहिजे असं मी आराखड्यात लिहिलेलं नाही.

शनिवारी जोडणी करायला मी स्वतः येते आहे. फोनवर हं म्हणाले तर समज, ऐकते आहे.

लोभ आहेच. आता तो रोज सकाळी तपासला जाईल.

मुंगी